बेली डान्सच्या वेडातून पोशाखांचा छोटा धंदा: नेहमीचे प्रश्न, माझी उत्तरं

गेली सहा वर्षं मी पुण्यात घरच्या घरी बेली डान्सचे पोशाख शिवते. त्याआधी तीन वर्षं नुसतीच नाचत होते. आठवड्याला दोन-तीन जणी तरी मेसेज करतात, "ताई, मलाही असं काही करायचंय." प्रत्येकीशी अर्धा तास बोलणं होतं आणि तेवढ्या वेळात होणाऱ्या मण्यांच्या झालरीच्या पाच सरी राहून जातात. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवलं.

मला शिवणकाम येत नाही, पण नाच मनापासून आवडतो. जमेल का?

जमेल. शिवण कुठल्याही बऱ्या क्लासमध्ये शिकता येतं. ब्लाउज, अस्तर, पायपिंग आणि घेरदार घागरा एवढं नीट आलं की सुरुवातीला पुरतं. नाचताना कपड्याचं काय होतं हे मात्र क्लासमध्ये कळत नाही.

आमच्या गल्लीतले टेलरमास्तर चाळीस वर्षं मशीनवर बसलेत, त्यांची टीप माझ्यापेक्षा कितीतरी सरळ. माझा पहिला पट्टा मी त्यांच्याकडूनच शिवून घेतला. त्यांनी तो परकराची नाडी बसते तिथे, म्हणजे ऐन कमरेवर बेतला. आपल्या नाचाचा पट्टा कमरेच्या खाली, ढुंगणाच्या हाडांवर बसतो. वर बांधला की पोटाची हालचाल झाकली जाते आणि झालर नुसती लोंबकळते. चारदा सांगून पटेना, तेव्हा पाचव्यांदा दुकानातच कमरेने हवेत दोनदा आठाचा आकडा काढून दाखवला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, हे तुम्हीच शिवा." तिथून धंदा सुरू झाला.

हा पोशाख मुळात कुठला? गिऱ्हाईक विचारतं तेव्हा काय सांगायचं?

मण्यांची ब्रा, पट्टा आणि घेरदार स्कर्ट या संचाला इजिप्तमध्ये 'बदला' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत सूट. (आपल्याकडे जरीकामातली चपटी तार म्हणजे बदला. सुरुवातीला एका व्यापाऱ्याला फोनवर "बदल्याचं सामान हवंय" म्हटलं, तर त्याने तारेच्या रिळांचे भाव सांगायला सुरुवात केली.) हा पोशाख पिरॅमिडच्या काळातला नाही. कैरोत बदिया मसाबनी यांनी १९२६ मध्ये आपला क्लब काढला. तिथे नाच अंगणातून मंचावर आला, दुरून दिसायचं म्हणून चमक वाढली, आणि हॉलिवूडच्या पडद्यावर 'पूर्वेकडची नर्तकी' जशी दिसायची तिचीही छाप पडली. तहिया कारिओका आणि सामिया गमाल या नर्तकी बदियांच्याच मंचावरून पुढे सिनेमात गेल्या.

गावातल्या, गल्लीतल्या बायका मात्र अंगभर गलाबिया, म्हणजे सैल पायघोळ झगा घालून, कमरेला एक ओढणी आवळून नाचत आल्या. त्या नाचाला 'बलदी' म्हणतात, म्हणजे अस्सल देशी. १९५० च्या दशकात इजिप्तमध्ये नर्तकींनी पोट झाकावं असा नियम आला आणि ब्रा-पट्ट्याच्या मधल्या भागावर जाळी लागली. १९५९ मध्ये सुरू झालेल्या महमूद रेदा यांच्या पथकाने लोकनृत्यं अंगभर पोशाखांतच मंचावर नेली.

हा इतिहास मी ज्ञान पाजळायला सांगत नाही, त्यावर माझा निम्मा धंदा चालतो. "सासूबाई येणार आहेत कार्यक्रमाला, पोट दिसायला नको" हे वाक्य मी महिन्यातून चारदा ऐकते. अशा वेळी मुलीला बिचकत बिचकत अंग झाकायला लावू नका. तिला सरळ बलदी ड्रेस सुचवा. दोन्ही बाजूंना चिरा, कमरेला रंगीत ओढणी, हवी तर सईदी, म्हणजे दक्षिण इजिप्तच्या लोकनाचातली काठी. तडजोड म्हणून घालायची ती गोष्टच नाही, तोही तितकाच खरा पोशाख आहे.

पहिली वस्तू कोणती शिवावी?

कमरेची ओढणी, ज्याला सगळे 'कॉइन स्कार्फ' म्हणतात. क्लासच्या पहिल्या दिवशी प्रत्येकीला लागते, मापाची भानगड नाही, बिघडली तर नुकसान थोडं. पण एक लक्षात ठेवा. बाजारात आणि ऑनलाइन ती तीनशे-चारशेला मिळते. त्या भावाशी भांडायला जाऊ नका. माझ्या वहीतला एका ओढणीचा हिशेब असा:

शिफॉन आणि अस्तर १३० रुपये, नाणी आणि मणी २६०, दोरा आणि बारीकसारीक ४०. झाले ४३०. हातकाम साडेतीन तास, तासाला १२० धरले तर ४२०. वीज, मशीनची झीज, पिशवी यांचे ७०. एकूण ९२०. त्यावर पाव हिस्सा नफा धरला की ११५० ला विकावी लागते.

मग तीनशेची सोडून कोणी ११५० का देईल? कारण बाजारातली एकाच मापाची येते. बेचाळीस इंचाच्या पुढे ती समोर गाठ मारण्याइतकीही पुरत नाही, आणि नाणी एकाच सलग दोऱ्यात ओवलेली असतात. एक तुटलं की पाठोपाठ पाच. माझ्या ओढणीत प्रत्येक नाण्याला वेगळी गाठ असते. साडेतीन तास त्यातच जातात. स्वतःची मजुरी हिशेबात न धरणाऱ्या बायका मला रोज भेटतात. त्या म्हणतात, "घरीच तर बसलेले असते." बसलेल्या असतात, पण सुई हातात घेऊन.

पूर्ण बदला इतका महाग का असतो?

झालरीमुळे. माझ्या साध्या पट्ट्याला १२० सरी लागतात. एक सर ओवून, दोनदा टाका घेऊन, गाठ मारून, गाठीवर डिंकाचा थेंब ठेवायला मला सहा मिनिटं लागतात. म्हणजे नुसत्या पट्ट्याच्या झालरीला १२ तास. ब्राची झालर, कपांवरचं भरतकाम, टिकल्या हे सगळं वेगळं.

इथे एक बारकावा सांगते, कारण मी तो फार महागात शिकले. नळीसारख्या लांबट मण्यांची तोंडं कापलेली असतात आणि धारेची असतात. नाचताना सर झुलते, तशी ती धार दोऱ्यावर करवतीसारखी फिरते. म्हणून प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना एकेक गोल बारीक मणी घालायचा, म्हणजे दोरा धारेला लागत नाही. माझ्या पहिल्या बदल्यात मी गोल मणी वाचवले. एका संमेलनात ड्रमच्या सोलोच्या ऐन मध्यावर सरी सुटायला लागल्या, आणि मागून येणाऱ्या मुलीचा अनवाणी पाय नळ्यांवर पडला. रक्त थोडंच आलं, पण तिने नाच थांबवला नाही आणि मला मात्र पडद्यामागे उभं राहवेना. त्या पोशाखाचे पैसे मी परत केले. आता सर ओवून झाली की ती हातात धरून तीन झटके देते. तुटायची असेल तर माझ्या हातात तुटू दे.

ब्रा कशी तयार करायची?

कडक कपांची साधी ब्रा विकत घ्यायची आणि तिचे सगळे इलास्टिकचे पट्टे कापून टाकायचे. मण्यांचं वजन पडलं की इलास्टिक ताणतं, आणि दुसऱ्या गाण्याला कप खाली येतात. त्या जागी कापडात मढवलेली जाड कॉटन टेप लावा. पाठीला ब्लाउजचे नाजूक हूक लावू नका, पँटचे मोठे पत्री हूक लावा, दोन जोड्या. शिवाय आतून सेफ्टी पिनसाठी एक पट्टी सोडा. हूक कितीही चांगला असला तरी अनुभवी नर्तकी पिन लावल्याशिवाय मंचावर जात नाही. पट्ट्याला आतून कॅनव्हास किंवा जाड बकरमचे दोन थर द्या, नाहीतर तो बसल्यावर दुमडतो.

गोव्यातल्या हॉटेलांत आणि किनाऱ्यावर नाचणाऱ्या मुली माझ्या गिऱ्हाईक आहेत. त्यांच्यासाठी पितळी हूकच वापरते. खाऱ्या हवेत साधा लोखंडी हूक एका पावसाळ्यात गंजतो आणि अस्तरावर तपकिरी डाग सोडतो.

पूर्ण घेराच्या स्कर्टला कापड किती लागतं?

ढुंगणाचा घेर १०० सेंमी धरू. त्याला ६.२८ ने भागा, १६ सेंमी येतात. ही आतल्या गोलाची त्रिज्या. तिथून जमिनीपर्यंतची उंची ९५ असेल तर एकूण १११. चव्वेचाळीस इंची पन्हा म्हणजे ११२ सेंमी, त्यात अर्धा गोल जेमतेम बसतो. असे दोन अर्धे गोल, प्रत्येकी २२२ सेंमी लांबीचे, म्हणजे साडेचार मीटर जॉर्जेट. उंच मुलगी असेल तर मोठ्या पन्ह्याचं कापड शोधा, नाहीतर वरच्या बाजूला पट्ट्याखाली झाकला जाईल असा जोड द्या.

गिरकीत स्कर्ट छत्रीसारखा उघडायला हवा असेल तर दोन पूर्ण गोल. तेव्हा आतली त्रिज्या निम्मी, ८ सेंमी होते आणि कापड सव्वाआठ मीटरच्या आसपास जातं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कापल्या कापल्या खालची कड शिवू नका. गोल कापलेल्या कापडाचा काही भाग उरेबात, म्हणजे तिरक्या दिशेने येतो आणि तो स्वतःच्या वजनाने ओघळतो. स्कर्ट एक दिवस-रात्र टांगून ठेवा. सकाळी बघाल तर चार जागी दोन-दोन बोटं खाली आलेला असतो. मग मुलीला घालून, जमिनीपासून माप घेऊन कड समान करा आणि पिको करून घ्या.

माल कुठून घेता?

पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळी, मणी-टिकल्या-लेसच्या किरकोळ गरजेला तीच. मुंबईत कापडासाठी मंगलदास मार्केट, लेस आणि दागिन्यांच्या सामानासाठी भुलेश्वर. जॉर्जेट आणि शिफॉन जास्त लागू लागलं की सुरतेहून मागवा. मणी पहिल्यांदा घेताना एक पाकीट घरी आणून रात्रभर पांढऱ्या ओल्या कापडात गुंडाळून ठेवा, कारण स्वस्त मण्यांचा रंग घामाने उतरतो. झेक (चेक प्रजासत्ताकातले) किंवा जपानी मणी महाग पडतात, पण त्यांचा आकार सारखा असतो. समोरच्या दहा-बारा सरींसाठी मी तेच वापरते.

'ट्रायबल' पोशाखाला खूप मागणी आहे म्हणतात. त्यात काय असतं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. बेली डान्सची ही शाखा अमेरिकेतली. जमिला सलिमपूर यांनी १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात 'बाल अनात' हे पथक काढलं, तिथे या दिसण्याचं बीज आहे. पुढे १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कॅरोलिना नेरिचिओ यांनी 'फॅटचान्स बेलीडान्स' सुरू केलं आणि सगळ्या मिळून खुणांवर ऐनवेळी नाचायची त्यांची शैली जगभर गेली. त्यांचा पोशाख पाहिला तर तुम्हाला हसू येईल. पाठ उघडी, नाड्यांची चोळी, सरळ राजस्थान-गुजरातेतली. खाली प्रचंड घेराचे घागरे एकावर एक. कवड्या, आरसे, लोकरीचे गोंडे, अफगाणिस्तानातल्या कुची लोकांचे जड दागिने. म्हणजे आपल्या बाजूची चोळी समुद्रापलीकडे जाऊन नाचाचा गणवेश झाली, आणि आता पुण्यातली मुलगी मोबाईलवर अमेरिकन नर्तकीचा फोटो दाखवून म्हणते, "ताई, अशीच हवी."

या कामात आपल्याला खरा फायदा आहे, कारण कवड्या-आरशांचं भरतकाम करणारे हात महाराष्ट्रातल्याच लमाणी तांड्यांत आहेत. दोन गोष्टींवर मात्र मी अडून बसते. जुने, घरात पिढ्यान् पिढ्या वापरलेले भरतकामाचे तुकडे कापून पट्टे करायचे नाहीत. आणि नवं काम करून घ्यायचं तर त्या बाईच्या तासांचा हिशेब माझ्या १२० रुपयांच्याच दराने. एका जाणकाराने मला समजावलं होतं, "त्या कमी पैशात करतात हो." करतात, पण मी तसं करून घेत नाही.

नोंदणी, जीएसटी वगैरे किती कटकट आहे?

वाटते तितकी नाही. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधारवर होते आणि फुकट होते. पैसे मागणारी संकेतस्थळं दिसली की बंद करा. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते, तिलाच लोक अजून गुमास्ता म्हणतात. मशीनसाठी भांडवल हवं तर मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं.

जीएसटी: नुसता माल, तोही राज्यातल्या राज्यात विकत असाल तर वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. राज्याबाहेर माल पाठवलात की ती सवलत संपते. ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना वेगळी सूट आहे, तुमची वस्तू त्यात बसते का ते सीएला विचारा. सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवर नगाला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर आहे. नोंदणी असेल तर बलदी ड्रेसची किंमत ठरवताना ही २५०० ची रेघ डोळ्यासमोर ठेवा. मी एकदा २६०० ला ठरवून बसले होते.

परदेशात पाठवता येतील का?

येतील. आयात-निर्यात कोड काढावा लागतो, त्याची फी ५०० रुपये. निर्यातही राज्याबाहेरचीच विक्री धरतात, म्हणजे जीएसटी आलाच. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतची पार्सलं विनाशुल्क जायची ती सोय ऑगस्ट २०२५ अखेर बंद झाली, त्यामुळे तिकडच्या बहिणीला किंवा मैत्रिणीला पाठवताना शुल्क कोण भरणार हे आधीच बोलून घ्या.

भाड्याने द्यावेत का?

मी दिले आणि थांबवले. एका कार्यक्रमवाल्यांनी आठ पोशाख नेले, परत आले तेव्हा सगळ्या कपांच्या आत फाउंडेशनचे थर आणि तीन पट्टे दुमडून पिशवीत कोंबलेले. अनामत घेतली होती ती एका पोशाखाच्या दुरुस्तीतच गेली. भाड्याने द्यायचेच असतील तर ओढण्या आणि स्कर्ट द्या, मण्यांची ब्रा नको.

दुरुस्तीचं काम मात्र हातचं सोडू नका. इस्तंबूल किंवा कैरोहून आणलेला पोशाख असतो, मुलगी दोन इंचांनी बारीक किंवा जाड झालेली असते, चार सरी गेलेल्या असतात. आसपासचे टेलर हात लावत नाहीत. माझं घरभाडं निघतं ते यावर.

मापं ऑनलाइन घेता येतात का?

ओढणी आणि स्कर्टची येतात. ब्राची मी घेत नाही. समोर येऊन, घालून बघायचं, आणि त्यात तिला दहा मिनिटं नाचायला लावते. हात वर, मागे वाकून, शिमी (खांदे-कंबर भराभर थरथरवणं). मापं घेताना सोबत दुसरी कोणी हवी असेल तर आणा असं आधीच सांगते. फिटिंगचे फोटो काढत नाही, आणि विचारल्याशिवाय कोणाचाही फोटो कुठेही टाकत नाही. मुलगेही येतात, त्यांच्यासाठी बंडी आणि घोट्याशी चुण्यांची सैल विजार.

धुवायचा कसा?

मशीनमध्ये नाही आणि बादलीतही नाही. कार्यक्रम झाला की उलटा करून सावलीत पसरा. अस्तर ओल्या फडक्याने पुसा. घामाच्या वासासाठी नाटक-नाचवाले जुना उपाय करतात, वोडकात थोडं पाणी घालून आतून फवारायचं आणि वाळू द्यायचं. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून बघा. (माझ्या बाटलीवर आईने 'कपड्यांची' अशी चिठ्ठी लावलीय, पाहुण्यांसाठी.) हँगरला टांगू नका, वजनाने पट्टे लांबतात. मलमलीत गुंडाळून आडवा ठेवा, पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये मुळीच नको.

ऑर्डर किती दिवस आधी घ्यावी?

ओढणीला आठवडा, बलदी ड्रेसला पंधरा दिवस, पूर्ण बदल्याला सहा आठवडे आणि निम्मे पैसे आगाऊ. गणपती ते दिवाळी मणी ओवायला येणाऱ्या दोघीही सुट्टीवर असतात, म्हणून डिसेंबरच्या कार्यक्रमांच्या ऑर्डरी मी सप्टेंबर संपायच्या आत बंद करते. त्यानंतर फोन आला तर फक्त तुटलेल्या सरी जोडून देते.